अज्ञात मिश्रणाचे पहिले विश्लेषण : असेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी मार्गदर्शन

बी.एस्सी.च्या असेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला विद्यार्थ्याच्या हाती क्रमांक घातलेली एक पुडी येते. तिच्यात दोन क्षारांची एकत्र केलेली एक-दोन ग्रॅम पूड असते आणि तिच्यात कोणते धन आयन व कोणते ऋण आयन आहेत, हे तीन-साडेतीन तासांत शोधून जर्नलात मांडायचे असते. या कामाला गुणात्मक विश्लेषण म्हणतात. गटांचा तक्ता, म्हणजे कोणत्या अभिकर्मकाने (चाचणीसाठी घालायच्या रसायनाने) धन आयनांचा कोणता गट अवक्षेप होऊन, म्हणजे न विरघळणारा साका होऊन, वेगळा होतो हे क्रमाने सांगणारा तक्ता, प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलेला असतो, बऱ्याच जणांना तो पाठही असतो, आणि तरीही सुरुवातीच्या आठवड्यांत उत्तरे वरचेवर चुकतात. याचे कारण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा एकच निघाले आहे. तक्त्यातली प्रत्येक ओळ ठरावीक परिस्थितीतच खरी असते. द्रावण किती आम्लधर्मी आहे, ते गरम आहे की थंड, आधीचा गट पुरता निघून गेला आहे की त्याचा अंश मागे उरला आहे, यावर सगळे अवलंबून असते. आणि नवखा विद्यार्थी अभिकर्मकाचे नाव तेवढे लक्षात ठेवतो, परिस्थिती विसरतो. म्हणून पुढे प्रत्येक पायरीला काय घालावे याबरोबरच ते कोणत्या स्थितीत घालावे, यावर अधिक भर दिला आहे.

काम सुरू करण्यापूर्वी

सुती अॅप्रन, डोळ्यांना चष्मा, पाय झाकणारी पादत्राणे आणि बांधलेले केस यांच्याविना टेबलापाशी उभे राहू नये. चष्मा फक्त संहत आम्ल हाताळताना लावायचा, अशी समजूत आढळते. प्रत्यक्षात परीक्षानळीतील द्रावण उसळून बाहेर येण्याचे प्रसंग साधे पाणी तापवतानाही घडतात. नळी तापवताना तिचे तोंड स्वतःकडे किंवा शेजाऱ्याकडे धरू नये, तळाऐवजी द्रावणाच्या वरच्या भागाखाली ज्योत धरावी आणि नळी सतत हलवत राहावी.

पाणी हा पहिला अभिकर्मक आहे, हे ध्यानात ठेवावे. नळाच्या पाण्यात क्लोराइड असते. त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की ते दुधाळ होते. दख्खनच्या पठारावर पुष्कळ ठिकाणी महाविद्यालयांना बोअरवेलचे पाणी येते आणि ते कठीण असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम असतात. अशा पाण्याने विसळलेली नळी तशीच वापरली, तर पुडीत नसलेले कॅल्शियम पाचव्या गटात सापडू शकते. नळाच्या पाण्याने धुतल्यावर प्रत्येक नळी, काचकांडी आणि ड्रॉपर ऊर्ध्वपातित पाण्याने दोनदा विसळावा. पहिल्याच दिवशी ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यावर क्लोराइड आणि सल्फेट यांच्या चाचण्या करून पाहाव्यात. मिश्रणाशिवाय केलेल्या अशा कोऱ्या चाचणीमुळे निरभ्र द्रावण, पुसट धूसरपणा आणि खरा अवक्षेप यांतला फरक डोळ्यांना कळू लागतो, आणि तो फरक पुस्तकातून कळत नाही.

हल्ली बहुतेक ठिकाणी अर्धसूक्ष्म पद्धत वापरतात. तिच्यात मूळ द्रावणासाठी ५० ते १०० मिलिग्रॅम पूड पुरते, द्रावण एक-दोन मिलिलिटर असते आणि गाळणकागदाऐवजी सेंट्रिफ्यूज (नळ्या वेगाने फिरवून अवक्षेप तळाशी बसवणारे यंत्र) वापरतात. साध्या ड्रॉपरचे सुमारे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर, हे प्रमाण आपल्या ड्रॉपरने एकदा मोजून घ्यावे, कारण पुढे बरेचसे हिशेब थेंबांतच होतात. सेंट्रिफ्यूजमध्ये आपल्या नळीच्या बरोबर समोरच्या खाच्यात तितकेच पाणी भरलेली दुसरी नळी ठेवावी; वजन असमान असेल तर यंत्र थरथरते आणि नळ्या फुटतात. फिरणारे यंत्र हाताने थांबवू नये.

एप्रिल-मे महिन्यांत संहत अमोनियाची बाटली उघडताना विशेष जपावे. उन्हाळ्यात तिच्यात वायूचा दाब साठतो आणि बूच काढताच द्रव उसळून चेहऱ्यावर येऊ शकतो. बाटली आधी बर्फाच्या किंवा थंड पाण्यात ठेवावी आणि धूमकक्षातच (फ्यूम हूडमध्ये), तोंड दूर धरून, सावकाश उघडावी.

पुडीतील सगळी पूड एकदम वापरू नये. अदमासे एक तृतीयांश भाग वेगळ्या कागदात गुंडाळून, क्रमांक घालून बाजूला ठेवावा आणि अखेरपर्यंत त्याला हात लावू नये. काम मध्येच बिघडले तर तोच आधार असतो. उरलेली पूड खलात हलक्या हाताने एकजीव करावी, नाहीतर चिमटीत एकाच क्षाराचे कण येतात आणि दुसरा क्षार नसल्याचा भास होतो.

जर्नलात चाचणी, निरीक्षण आणि अनुमान असे तीन रकाने असतात. निरीक्षणाच्या रकान्यात डोळ्यांना दिसले तेवढेच लिहावे. ‘तांबे सापडले’ हे अनुमान आहे. ‘अमोनिया जास्त घातल्यावर द्रावण गडद निळे झाले’ हे निरीक्षण. दोन्ही एकत्र लिहिण्याची सवय लागली की पुढे विसंगती आढळल्यावर मागे जाऊन नेमके कुठे चुकले, ते शोधता येत नाही.

कोरड्या चाचण्या

रंगापासून सुरुवात करावी. निळा रंग तांब्याकडे, हिरवा निकेल, क्रोमियम किंवा फेरस लोहाकडे, गडद गुलाबी कोबाल्टकडे आणि अगदी फिका गुलाबी मँगनीजकडे बोट दाखवतो. पांढऱ्या पुडीत हे रंगीत आयन बहुधा नाहीत, असे तात्पुरते धरायला हरकत नाही.

कोरड्या नळीत चिमूटभर पूड तापवून पाहावी. नळीच्या थंड भागावर पांढरा थर बसला तर अमोनियम क्षार संभवतो. तडतड आवाज होऊन तपकिरी वायू निघाला तर लेड नायट्रेटची शंका घ्यावी. जस्ताचा ऑक्साइड गरम असताना पिवळा आणि थंड झाल्यावर पुन्हा पांढरा दिसतो. हा बदल पाहायचा तर नळी खरोखर थंड होईपर्यंत थांबावे लागते, आणि घाईत नेमके तेवढेच राहून जाते.

ज्योत-चाचणीसाठी प्लॅटिनमची तार संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, ज्योतीत धरून, ज्योत रंगहीन राहीपर्यंत पुन्हा पुन्हा स्वच्छ करावी. तारेला बोट लागले तरी घामातल्या सोडियममुळे ज्योत पिवळी होते. कॅल्शियमचा विटकरी रंग क्षणभर चमकून जातो, स्ट्रॉन्शियमचा किरमिजी रंग अधिक टिकतो आणि बेरियमचा पोपटी रंग तार चांगली तापल्यावर उशिरा येतो. म्हणून पहिल्याच क्षणी तार बाजूला घेऊ नये. पोटॅशियमचा फिका जांभळा रंग सोडियमच्या पिवळ्या रंगाखाली झाकला जातो, तो निळ्या कोबाल्ट काचेतून पाहावा. ज्योतीच्या रंगांवर विसंबून केवढे मोठे काम होऊ शकते याचा दाखला म्हणजे बुन्सेन आणि किरखॉफ यांनी १८६० साली खनिज पाण्याच्या अंशातून वर्णपटाच्या साहाय्याने शोधलेले सीझियम हे मूलद्रव्य. आपल्या टेबलावरचा बर्नर त्याच बुन्सेन यांच्या नावाने ओळखला जातो.

टाकणखाराच्या मण्याची चाचणी, म्हणजे तारेच्या टोकावर टाकणखार (बोरॅक्स) वितळवून केलेल्या मण्यात क्षार तापवून रंग पाहणे, रंगीत क्षार असेल तरच करावी. कोबाल्टचा गडद निळा मणी इतका स्पष्ट असतो की एकदा पाहिल्यावर तो विसरत नाही.

कोरड्या चाचण्यांतून मिळतो तो अंदाज. त्याला उत्तर मानून पुढच्या चाचण्या त्याच्याशी जुळवत बसणे, ही नवख्यांची सर्वात महागात पडणारी चूक आहे.

ऋण आयन

पुडीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. बुडबुडे येऊ लागले तर दुसऱ्या नळीत चुन्याची निवळी घ्यावी, पहिल्या नळीत द्रवाच्या वर जमलेला वायू कोरड्या ड्रॉपरने ओढून घ्यावा आणि निवळीत हळूहळू सोडावा. निवळी दुधाळ झाली म्हणजे कार्बोनेट, असे लगेच लिहू नये, कारण सल्फाइटपासून निघणारा सल्फर डायऑक्साइडही निवळी दुधाळ करतो. त्याचा गंधक जाळल्यासारखा तिखट वास येतो आणि आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटने भिजवलेला कागद त्याने हिरवा होतो. तसे काही न दिसल्यास कार्बोनेट धरावे. वास घेताना नळी नाकाखाली धरू नये, हाताने वाफ आपल्याकडे किंचित वारून घ्यावी.

विरल आम्लाने काही झाले नाही तर नव्या कोरड्या नळीत चिमूटभर पूड घेऊन संहत सल्फ्युरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकावेत आणि अगदी मंद तापवावे. अमोनियात बुडवलेली काचकांडी नळीच्या तोंडाशी धरल्यावर दाट पांढरा धूर आला तर क्लोराइड, तांबूस-तपकिरी वाफ आली तर ब्रोमाइड किंवा नायट्रेट, जांभळी वाफ आली तर आयोडाइड संभवते. तांब्याचा कीस टाकून तापवल्यावर तपकिरी वायू वाढला तर नायट्रेटचा पक्ष बळकट होतो. संहत सल्फ्युरिक आम्ल उकळेपर्यंत कधीही तापवू नये आणि नळी गरम असताना तिच्यात पाणी ओतू नये.

निश्चितीच्या चाचण्यांसाठी सोडा-अर्क करावा. मिश्रणाच्या सुमारे तिप्पट सोडियम कार्बोनेट आणि ऊर्ध्वपातित पाणी घालून दहा मिनिटे उकळावे व गाळून घ्यावे. जड धातू कार्बोनेटच्या रूपात गाळणकागदावर राहतात आणि ऋण आयन सोडियम क्षार होऊन द्रवात उतरतात. या अर्कात आपणच कार्बोनेट घातलेले असल्यामुळे कार्बोनेटची चाचणी त्याच्यावर निरर्थक ठरते. अर्कातला जादा कार्बोनेट प्रत्येक चाचणीआधी योग्य आम्लाने घालवावा, फसफसणे पूर्ण थांबेपर्यंत. योग्य आम्ल म्हणजे ज्याचा ऋण आयन त्या चाचणीत आड येत नाही ते: क्लोराइडसाठी नायट्रिक, सल्फेटसाठी हायड्रोक्लोरिक. सिल्व्हर नायट्रेटने येणारा क्लोराइडचा पांढरा अवक्षेप विरजलेल्या दह्यासारखा गुठळ्यांचा असतो आणि अमोनियात विरघळतो. नुसता धूसरपणा आला तर सोडियम कार्बोनेटच्या बाटलीतच क्लोराइडचा अंश असण्याची शक्यता असते. कोरी चाचणी करून दोन्ही नळ्या शेजारी धरून पाहाव्यात.

नायट्रेटच्या तपकिरी वलयासाठी हिराकसाचे (फेरस सल्फेटचे) द्रावण त्याच दिवशी केलेले हवे. दमट हवेत ठेवलेले द्रावण पिवळसर होते, कारण फेरस आयनाचे फेरिकमध्ये ऑक्सिडीकरण होते आणि मग वलय येत नाही. नळी तिरपी धरून संहत सल्फ्युरिक आम्ल तिच्या भिंतीवरून ओघळू द्यावे, म्हणजे ते खाली स्वतंत्र थर करून बसते; नळी हलवली की वलय नाहीसे होते.

मूळ द्रावण

पूड प्रथम थंड पाण्यात, मग गरम पाण्यात, मग विरल हायड्रोक्लोरिक आम्लात आणि शेवटी संहत आम्लात विरघळते का, हे याच क्रमाने पाहावे. पूर्ण विरघळवणारे सर्वात सौम्य द्रावक निवडावे. हायड्रोक्लोरिक आम्लात थंडपणीच सगळे विरघळले तर पहिला गट बहुधा नाही, हे तिथेच समजते. संहत आम्ल वापरावे लागले तर जादा आम्ल धूमकक्षात उकळून काढावे आणि पाणी घालावे, अन्यथा दुसरा गट फसतो. तो कसा, ते पुढे येईल.

अमोनियम आयनाची चाचणी मात्र मूळ पुडीवर आत्ताच करून ठेवावी. सोडियम हायड्रॉक्साइड घालून तापवल्यावर निघणाऱ्या वायूने ओला तांबडा लिटमस निळा होतो. पुढे आपण स्वतःच नवसागर (अमोनियम क्लोराइड) आणि अमोनिया घालणार असल्यामुळे सहाव्या गटापर्यंत पोचल्यावर ही चाचणी करण्यात काही अर्थ उरत नाही.

पहिला गट

द्रावण थंड असावे. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे तीन-चार थेंब पुरतात. आम्ल फार झाले तर सिल्व्हर व लेड यांचे क्लोराइड जटिल आयन बनून काही प्रमाणात पुन्हा विरघळतात. लेड क्लोराइड १०० मिलिलिटर पाण्यात २० अंशांना सुमारे १ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात सुमारे ३.३ ग्रॅम विरघळते. या दोन आकड्यांतून तीन गोष्टी निघतात. गरम द्रावणात शिसे पहिल्या गटात दिसतच नाही. गरम पाण्याने ते सिल्व्हर क्लोराइडपासून वेगळे करता येते. आणि थंड द्रावणातूनही ते पूर्ण निघत नसल्यामुळे उरलेले शिसे दुसऱ्या गटात काळ्या सल्फाइडच्या रूपात पुन्हा दर्शन देते.

शिशाची निश्चिती करताना गरम अर्कात पोटॅशियम आयोडाइड घालावे. आलेला पिवळा अवक्षेप पाणी घालून उकळला की विरघळतो आणि नळी स्वस्थ ठेवली की थंड होताना सोन्याच्या वर्खासारखे चकचकीत कण खाली तरंगत येतात. हे पाहायला पाच मिनिटे अधिक द्यावीत. एवढी देखणी आणि एवढी निःसंदिग्ध चाचणी या साऱ्या तक्त्यात दुसरी नाही.

दुसरा गट, जिथे बहुतेक जण चुकतात

हायड्रोजन सल्फाइड हा दुसऱ्या आणि चौथ्या, दोन्ही गटांचा अभिकर्मक आहे. फरक केवळ आम्लतेचा. हा वायू सौम्य आम्ल आहे. द्रावणात हायड्रोजन आयन पुष्कळ असले की त्याचे वियोजन दबते आणि सल्फाइड आयन अत्यल्प उरतात. तांबे, शिसे, बिस्मथ, कॅडमियम यांचे सल्फाइड इतके अल्पविद्राव्य असतात की त्यांना तेवढे पुरते. जस्त, मँगनीज, निकेल आणि कोबाल्ट यांना पुरत नाही. या दोन गटांमधली सीमा हायड्रोक्लोरिक आम्लाच्या सुमारे ०.३ मोलार संहतीवर आखलेली आहे. आम्ल कमी पडले तर जस्त दुसऱ्या गटात उतरते, जास्त झाले तर कॅडमियम आणि शिसे त्या गटातून निसटतात.

विद्यार्थी असताना मला एका पुडीत चौथ्या गटात स्वच्छ पिवळा अवक्षेप मिळाला होता. चौथ्या गटात पिवळे काही नसते. तिथले रंग पांढरा, फिका मांसल गुलाबी आणि काळा एवढेच. तासभर मी तो अवक्षेप ‘मळकट झालेला जस्ताचा सल्फाइड’ आहे, असे स्वतःला पटवत राहिलो आणि जर्नलात जस्त लिहिले. पुडीत कॅडमियम होते. मूळ द्रावण संहत आम्लात केले होते आणि ते आम्ल कमी न करताच मी वायू सोडला होता. दुसऱ्या गटात कॅडमियम अवक्षेपित झाले नाही. तिसऱ्या गटात अमोनियाबरोबर त्याचा विद्राव्य जटिल आयन बनल्यामुळे ते तिथेही दिसले नाही. आणि चौथ्या गटात माध्यम अल्कधर्मी होताच ते आपल्या पिवळ्या रंगात बाहेर आले. परिस्थितीने मला जे सांगितले होते ते मी वाचले नाही, याचे वाईट वाटते, आणि म्हणूनच ही पायरी मी विस्ताराने लिहितो आहे.

पहिल्या गटानंतरच्या द्रावणात अमोनिया थेंबाथेंबाने घालून ते लिटमसला जेमतेम उदासीन करावे. मग दोन मिलिलिटर द्रावणात २ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाचे सात थेंब घालावेत, म्हणजे संहती ०.३ मोलारच्या जवळ येते. प्रयोगशाळेतल्या ‘विरल’ आम्लाची संहती प्रत्येक ठिकाणी २ मोलारच असते असे नाही, ती बाटलीवर वाचून थेंब बदलावेत. मिथिल व्हायोलेटचा कागद उपलब्ध असेल तर काचकांडीने एक थेंब त्यावर लावावा. तो जांभळा राहिला तर आम्ल कमी, पिवळा झाला तर जास्त, हिरवट झाला तर योग्य. नंतर द्रावण कोमट करून वायू सोडावा. अवक्षेप बनताना हायड्रोजन आयन मुक्त होतात आणि आम्लता आपोआप वाढते. म्हणून अवक्षेप खाली बसवल्यावर निवळ द्रवात थोडे पाणी घालून पुन्हा वायू सोडावा आणि नवा अवक्षेप येत नाही याची खात्री करावी.

हायड्रोजन सल्फाइडविषयी दोन शब्द. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, पण दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास हा वायू असला की घ्राणशक्ती बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे समजणे जीवघेणे ठरू शकते. हा वायू मिळवण्यासाठी किप्स उपकरण असो की थायोअॅसिटामाइडचे द्रावण, काम धूमकक्षातच करावे. थायोअॅसिटामाइड कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, त्यामुळे ते हातमोजे घालूनच हाताळावे.

वायू सोडल्यावर नुसता पांढरट-पिवळसर गढूळपणा आला आणि तो सेंट्रिफ्यूजमध्येही धड खाली बसला नाही, तर ते बहुधा मोकळे गंधक असते. द्रावणात फेरिक लोह किंवा नायट्रिक आम्लासारखा ऑक्सिडीकारक असला की तो हायड्रोजन सल्फाइडपासून गंधक वेगळे करतो. याला दुसरा गट मानू नये.

तांबे आणि कॅडमियम एकत्र असल्यास जुन्या पद्धतीत पोटॅशियम सायनाइड वापरत. विद्यार्थ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. दोन्ही सल्फाइड एकास पाच प्रमाणाच्या विरल सल्फ्युरिक आम्लात उकळले की कॅडमियम सल्फाइड विरघळतो आणि काळा तांब्याचा सल्फाइड मागे राहतो.

तिसरा गट

प्रथम द्रावण उकळून हायड्रोजन सल्फाइड पूर्ण घालवावा. वाफेवर धरलेला लेड अॅसिटेटचा कागद काळा होणे थांबले की तो गेला. तो राहिला तर अमोनिया घालताच चौथा गट इथेच खाली येतो. मग संहत नायट्रिक आम्लाचे दोन थेंब घालून उकळावे. दुसऱ्या गटात फेरिक लोहाचे फेरस झालेले असते, ते पुन्हा फेरिक व्हावे यासाठी ही पायरी आहे, कारण नवसागराच्या उपस्थितीत फेरस हायड्रॉक्साइड पूर्णपणे अवक्षेपित होत नाही.

नंतर आधी घन नवसागर आणि मागून अमोनिया, हाच क्रम ठेवावा. नवसागरातील अमोनियम आयनांमुळे अमोनियाचे वियोजन दबते आणि हायड्रॉक्साइड आयन मोजके राहतात. लोह, अॅल्युमिनियम व क्रोमियम यांना तेवढे पुरतात, मॅग्नेशियम आणि मँगनीज द्रावणातच राहतात. अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड तांदळाच्या पेजेसारखा अर्धपारदर्शक असतो आणि पांढऱ्या टेबलावर सहज नजरेतून सुटतो. नळीमागे काळा कागद धरून पाहावे. अवक्षेप लगेच वेगळा करावा. नळी हवेत रेंगाळली तर मँगनीजचे ऑक्सिडीकरण होऊन तपकिरी अवक्षेप येतो आणि तो लोहाचा वाटतो.

ऋण आयनांत फॉस्फेट सापडले असेल तर तिसऱ्या गटाकडे वळण्यापूर्वी ते काढून टाकणे आवश्यक आहे. अमोनियायुक्त माध्यमात बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे फॉस्फेट तिसऱ्या गटातच अवक्षेपित होतात आणि पुढचे सगळे गट रिकामे निघतात.

चौथा, पाचवा आणि सहावा

अमोनियायुक्त द्रावणात पुन्हा हायड्रोजन सल्फाइड सोडावा. पांढरा अवक्षेप जस्ताचा, फिका गुलाबी मँगनीजचा, काळा निकेल किंवा कोबाल्टचा. निकेलच्या निश्चितीसाठी द्रावण अमोनियाने अल्कधर्मी करून डायमिथिल ग्लायऑक्झाइमचे दोन थेंब टाकावेत; गुलाबासारखा लाल अवक्षेप लगेच येतो. रशियन रसायनशास्त्रज्ञ ल्येव चुगायेव यांनी १९०५ साली ही अभिक्रिया शोधली आणि निकेलच्या वजनी मापनासाठी ती आजही वापरली जाते. द्रावण आम्लधर्मी राहिले तर निकेल असूनही अवक्षेप येत नाही, म्हणून लिटमसने तपासूनच ‘नाही’ असे लिहावे.

पाचव्या गटात अमोनियम कार्बोनेट घातल्यावर द्रावण कोमट करावे, उकळू नये, कारण उकळल्यास अभिकर्मकच विघटित होतो. अवक्षेप अॅसेटिक आम्लात विरघळवून आधी बेरियम क्रोमेटच्या रूपात काढावे, मग स्ट्रॉन्शियम सल्फेटच्या आणि शेवटी कॅल्शियम ऑक्झलेटच्या रूपात. हा क्रम उलटा केला तर ऑक्झलेटबरोबर तिन्ही आयन खाली येऊ शकतात. सहाव्या गटातील मॅग्नेशियमचा स्फटिकी अवक्षेप उशिरा येतो. नळीची आतली भिंत काचकांडीने घासली की तो लवकर दिसतो.

एक पुडी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, पुडी फिकट निळी आहे. थंड पाण्यात तिचा काही भाग विरघळून पाणी निळे होते आणि पांढरट पूड तळाशी राहते. विरल आम्लाने फसफसते, निवळी दुधाळ होते, डायक्रोमेटचा कागद बदलत नाही. सोडा-अर्कात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बेरियम क्लोराइड घातल्यावर आम्लात न विरघळणारा पांढरा अवक्षेप येतो. इथवर कार्बोनेट आणि सल्फेट झाले.

विरल हायड्रोक्लोरिक आम्लात सगळे विरघळते, पहिला गट येत नाही. आम्लता जुळवून वायू सोडल्यावर काळा अवक्षेप येतो. तो वेगळा करून पाण्याने धुवावा आणि त्या पाण्यात थोडा हायड्रोजन सल्फाइड व चिमूटभर नवसागर असावा. नुसत्या पाण्याने धुतल्यास तांब्याच्या सल्फाइडचे हवेत ऑक्सिडीकरण होऊन त्याचा अंश द्रावणात परत जातो. अवक्षेप गरम विरल नायट्रिक आम्लात विरघळवून अमोनिया जास्त घातला की गडद निळा रंग येतो. दुसऱ्या भागात अॅसेटिक आम्ल आणि पोटॅशियम फेरोसायनाइड घातल्यावर तांबूस-तपकिरी अवक्षेप येतो. तांबे निश्चित झाले.

तिसरा गट रिकामा जातो. चौथ्यात अवक्षेप येतो, पण शुभ्र न येता करडा. इथे थांबून विचार करावा. करडेपणाचा अर्थ तांबे पूर्णपणे निघाले नव्हते, असा असू शकतो. अवक्षेप थंड विरल हायड्रोक्लोरिक आम्लात हलवावा. पांढरा भाग विरघळतो आणि काळे कण मागे उरतात, ते सेंट्रिफ्यूजने वेगळे करावेत. निवळ द्रव उकळून सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालावे: पांढरा अवक्षेप येतो आणि जास्त घातल्यावर विरघळतो. उरलेल्या भागात फेरोसायनाइड घातल्यावर पांढरा अवक्षेप आला तर जस्त पक्के. तो गुलाबीसर दिसला तर तांब्याचा अंश अजून आहे आणि दुसऱ्या गटाचे काम पुन्हा करायला हवे.

उत्तर लिहिताना ‘तांबे, जस्त, सल्फेट, कार्बोनेट’ असे चार आयन लिहावेत. हे मिश्रण कॉपर सल्फेट आणि झिंक कार्बोनेटचे होते, असे सांगण्याचा मोह होतो, पण द्रावणात गेल्यावर कोणता आयन कोणाबरोबर आला होता याची खूण राहत नाही. पाण्यातला अर्क निळा होता, त्यावरून मोरचूद असावे असा तर्क करता येतो आणि तो व्हायव्हात आधारासह जरूर सांगावा. निष्कर्षाच्या ओळीत मात्र आयनच असावेत.

टेबल सोडण्यापूर्वी

शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम आणि निकेल असलेली द्रावणे बेसिनमध्ये ओतू नयेत. त्यांच्यासाठी ठेवलेल्या बाटल्यांत त्या त्या धातूप्रमाणे टाकावीत. सल्फाइडच्या अवक्षेपांवर आम्ल पडणार नाही याची काळजी घ्यावी, कारण काही सल्फाइडांतून वायू पुन्हा निघतो. सिल्व्हर क्लोराइड अमोनियात विरघळवलेले द्रावण कधीही साठवून ठेवू नये. ते तसेच राहिले तर त्यातून स्फोटक काळा पदार्थ तयार होऊ शकतो. चाचणी होताच त्यात विरल नायट्रिक आम्ल घालून सिल्व्हर क्लोराइड परत खाली आणावा आणि मगच तो चांदीच्या टाकाऊ पदार्थांसाठी ठेवलेल्या बाटलीत टाकावा. गॅसचा नळ बंद करावा, बाजूला ठेवलेली एक तृतीयांश पूड क्रमांकासह परत द्यावी आणि हात साबणाने कोपरापर्यंत धुऊन मगच डब्याकडे वळावे.